डाव्याचं उजवं, फक्त खिसा सोडून

३ मार्च

प्रिय नणंदबाई,

फोन करणार नाही, आधीच सांगते. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस आणि मागे तुझा कीबोर्ड टकाटका वाजत असतो. पत्र वाचताना माणसाचे निदान हात तरी अडकतात.

बातमी अशी की तुझ्या दादाने माझ्या पुस्तकाची वाट लावली.

आधी पुस्तकाचं सांगते, कारण तू मागच्या वेळी ऐकलं नव्हतंस. लोकरीच्या गिरणीसाठी मी इतकी वर्षं विणकामाचे नमुने लिहिते. सगळे उजव्या हाताने विणणाऱ्यांसाठी. मी स्वतः डावखुरी, पण लिहिताना प्रत्येक ओळ मनात उलटी करून लिहायची. आता कुठे मॅनेजर कबूल झाला आहे की डावखुऱ्यांसाठी वेगळं पुस्तक काढू. शिकवायला कोणी नसलं तरी जिचं तिला शिकता येईल असं पुस्तक. मला आयुष्यात हे एकच हवं होतं, दागिने वगैरे तुझ्या आईने दिले ते बास झाले.

जुना मजकूर गिरणीच्या संगणकात आहे. त्यात डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं केलं की झालं. गिरणीने आम्हाला घरून वापरायला एक खिडकी दिली आहे. वर लिहिलंय "शोधा", खाली लिहिलंय "बदला". तुझा दादा म्हणाला, जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, मला दोन चौकटी जमणार नाहीत होय? बसला. आधी सगळ्या डाव्याचं उजवं केलं. मग सगळ्या उजव्याचं डावं केलं. मग चहा मागितला.

आलं का लक्षात? पहिल्या फेरीनंतर पुस्तकात डावं उरलंच नाही. दुसऱ्या फेरीनंतर उजवं उरलं नाही. गिरणीने चाचणीसाठी पाच डावखुऱ्या बायकांना हातमोज्यांचा नमुना विणायला दिला. पाचही जोड्यांत दोन्ही मोजे डावे. एकीने हौसेने नवऱ्याला घातले, तो बिचारा अंगठा कुठे घालू म्हणत बसला. मॅनेजरने मला विचारलं, "बाई, पुस्तक डावखुऱ्यांसाठी आहे की दोन डावे हात असलेल्यांसाठी?"

तू त्याच भाषेच्या कारखान्यात आहेस ना, ज्या भाषेत ही खिडकी लिहिली आहे? मग कर काहीतरी. मूळ प्रत गिरणीने जपून ठेवली आहे, दर वेळी तिथून पुन्हा सुरू करता येतं.

तुझी वहिनी

*

१४ मार्च

वहिनी,

सगळ्यात आधी: कारखाना नाही. ती संगणकाची भाषा आहे, जगभरचे लोक ती फुकट वापरतात आणि आम्ही सात-आठ जण ती सांभाळतो. मला त्याचे पैसे मिळत नाहीत. शिव्या मिळतात.

दादाने केलं ते जगातला प्रत्येक माणूस एकदा करतो, त्यामुळे त्याला फार बोलू नकोस. थोडं बोल. उपाय सोपा आहे. मध्ये एक तिसरा शब्द आणायचा, पुस्तकात कुठेही नसलेला. समजा बटाटा. पहिल्या फेरीत "डाव"चं "बटाट" कर. दुसऱ्या फेरीत "उजव"चं "डाव". तिसऱ्या फेरीत "बटाट"चं "उजव". शब्दाचं शेपूट तसंच राहील, म्हणजे डावीचं उजवी होईल, डाव्याचं उजव्या.

किंवा मला मजकूर पाठव, मी चार ओळींचं फंक्शन, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून पाच मिनिटांत करून देते.

गंमत सांगते. एका फेरीत हे व्हावं म्हणून लोक तीन वर्षं आमच्या मागे लागले आहेत. त्यांना बदलाच्या चौकटीतच अट लिहायची आहे: हे सापडलं असेल तर ते लिही, नसेल तर दुसरं लिही. मी दर वेळी हाणून पाडते. माझं म्हणणं स्वच्छ आहे. बदलाच्या चौकटीत मजकूर घालावा, अक्कल घालू नये. अक्कल हवी असेल तर फंक्शन लिहा. आमच्या गटात या वाक्यावर लोक टाळ्या वाजवतात.

दादाला चहा दे.

तुझी नणंद

*

२ एप्रिल

प्रिय नणंदबाई,

टाळ्या वाजवणाऱ्यांना माझ्याकडे पाठव. त्यांच्या हातांना दुसरं काम देते.

तुझा बटाटा पुस्तकात राहिला. तुझ्या दादाने तिसरी फेरी मारली, पण मोजे आणि टोप्यांच्या प्रकरणांवर मारायची विसरला. ती प्रकरणं तशीच चाचणीवाल्या बायकांकडे गेली. "बटाटी सुई पुढे घ्या." "बटाट्या हातात लोकर धरा." एकीने गिरणीत फोन करून विचारलं की बटाटी सुई कुठल्या दुकानात मिळेल. आणि दुसरीने, देवाशपथ, सुई बटाट्यात खोचून पाहिली.

पण तेही चाललं असतं. खरी भानगड स्वेटरच्या प्रकरणात झाली, आणि ती तुझी आहे. हातमोजे, सुया, हात, स्वेटरचे पुढचे दोन भाग, सगळं उलटं व्हायला हवं, ते झालं. पण खिसाही उलटा झाला. छातीवरचा खिसा डावीकडे असतो. विणणारी डावखुरी असली म्हणून घालणाऱ्याने पेन कुठे लावायचं ते बदलत नाही. हात विणणारीचा, खिसा घालणाऱ्याचा. पुस्तकात जिथे जिथे "डावा खिसा" आहे तिथे डावा खिसाच राहिला पाहिजे. तुला कसं सुचणार म्हणा. तूही डावखुरीच, पण लहानपणी दहा मिनिटं विणलंस आणि लोकर मांजराला दिलीस.

मजकूर पाठव म्हणालीस. नाही पाठवता येत. नमुने गिरणीच्या मालकीचे, संगणकाबाहेर जायचे नाहीत असा करार आहे. हाताने एकेक शब्दही बदलता येत नाही, आपल्याला ती एकच खिडकी उघडी आहे. आणि आता मॅनेजरने तीही आवळली. दर फेरीनंतर त्यांना सगळी चित्रं पुन्हा मजकुराशी जुळवावी लागतात म्हणे. बटाट्यांनी त्यांच्या नाकी नऊ आले. तेव्हा त्याचं शेवटचं सांगणं: एकच फेरी. एक शोधा, एक बदला. मग कुलूप. चुकलं तर पुस्तक रद्द, आणि जूनअखेरपर्यंत झालं नाही तरी रद्द.

आता कुठे घालू तुझं फंक्शन?

तुझी वहिनी

*

१३ एप्रिल

वहिनी,

पत्र वाचायला दोन दिवस लागले. अक्षर काय झालंय तुझं! कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावर फिरल्यासारखं. घाईत लिहू नकोस गं, "खिसा" हा शब्द मी आधी "किडा" वाचला आणि स्वेटरमध्ये किडे झाले म्हणून हळहळले.

गिरणीच्या संगणकवाल्याशी बोलले. खिडकीत फंक्शन चालत नाही, चालू देणारही नाहीत. बाहेरच्या माणसाला आपल्या यंत्रात हवा तो प्रोग्राम घालू देणं म्हणजे घराची किल्ली दाराला लटकवणं, यात तो बरोबर आहे. खिडकी आमच्या भाषेचं शोध-बदल जसंच्या तसं वापरते. म्हणजे एका फेरीत जे करायचं ते बदलाच्या मजकुरातच लिहिता आलं पाहिजे.

शोधाच्या चौकटीत करता येतं. तिथे आपण कप्पे पाडतो, सापडलेला शब्द ज्या जातीचा त्या कप्प्यात पडतो. पहिला कप्पा खिशासकट आलेल्या डाव्या-उजव्यासाठी, दुसरा नुसत्या "डाव"साठी, तिसरा नुसत्या "उजव"साठी. यातला कुठला तरी एकच भरतो. मग बदलाच्या चौकटीत म्हणायला हवं: पहिला भरला असेल तर जे होतं ते तसंच ठेव. नाहीतर दुसरा भरला असेल तर "उजव" लिही. नाहीतर "डाव" लिही. बस. बटाटा नको, फंक्शन नको.

फक्त आमच्या भाषेत हे लिहिता येत नाही. का येत नाही ते मागच्या पत्रात तुला अभिमानाने कळवलं आहेच.

आता काय करू? उद्या गटात जाऊन म्हणू की तीन वर्षं मी ज्याला नाही म्हणत होते ते माझ्या वहिनीला हवंय? लोक हसतील. पुढच्या वर्षीपर्यंत थांबता नाही का येणार? मॅनेजर काय, चार गोड शब्दांत वितळेल. एवढी काय घाई आहे?

तुझी नणंद

*

२० एप्रिल

छोटे,

मी दादा. बटाटेवाला.

हे पत्र तुझ्या वहिनीला न सांगता लिहितो आहे, ती बाहेर गेली आहे. तुझं पत्र तिने वाचलं, "कोंबडी" वाचून मोठ्याने हसली, आणि मग डाव्या हाताची बोटं चोळत बसली. म्हणून तुला सांगायला हवं.

अक्षर घाईचं नाही. तिचा डावा हात जातोय. बोटं आखडतात, गेल्या वर्षापासून. डॉक्टर म्हणाले औषधाने दुखणं कमी होईल, बोटं काही पहिल्यासारखी व्हायची नाहीत. सुई धरता येते, पण दोन-चार ओळींपुरती. चाचणी-विणकाम ती कायम स्वतः करायची, दुसऱ्यांना हात लावू द्यायची नाही, आठवतं ना? त्या पाच बायका त्याचसाठी बोलावल्या. तुला कळवायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे.

पुस्तक तिला आता हवं आहे, कारण आता ती प्रत्येक ओळ दोन टाके घालून तरी तपासू शकते. पुढच्या वर्षी ते जमेल का, मला माहीत नाही. तिलाही नाही.

मला तुझं ते अटीबिटीचं काही कळलं नाही. पण लोक हसले तर हसू दे. माझ्यावर आख्खी गिरणी हसते आहे, काही होत नाही त्याने.

दादा

*

२९ एप्रिल

वहिनी,

दादाने मला सगळं सांगितलं. त्याला मारायचं असेल तर उजव्या हाताने मार.

मला फार वाईट वाटलं. तुझ्या हाताचं तर वाटलंच, पण तू मला सांगितलं नाहीस याचंही वाटलं, आणि मी कोंबडीवर विनोद करत बसले याचं तर विचारू नकोस. रात्रभर रडले असं लिहिणार होते, पण तू म्हणशील कीबोर्ड भिजला असेल. रडले. एवढंच.

तीन वर्षं मी ज्याच्या विरोधात बोलले तो प्रस्ताव काल मी माझ्या नावाने मांडला. आमच्यात एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे काटकसरे म्हणतात, कारण भाषेत काहीही नवं आलं की त्यांच्या पोटात दुखतं. ते माझे कायमचे साथीदार. त्यांनी फक्त माझंच जुनं वाक्य उचलून मला परत पाठवलं: "बदलाच्या चौकटीत अक्कल घालू नये." खाली लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकली.

उत्तर द्यायचं आहे. आधी तुझं पत्र हवं. डोळ्यांसमोर ठेवून भांडायला.

तुझी नणंद

*

६ मे

प्रिय नणंदबाई,

हे पत्र मी सांगते आहे आणि तुझा दादा लिहितो आहे. गुपित फोडलं त्याची शिक्षा. (इथे ती मला एक शब्द म्हणाली, तो मी लिहीत नाही. – दादा)

रडू नकोस. हात माझा आहे, त्याची काळजी मी करते. मला दया दाखवलीस तर पुढची पत्रं न फोडता परत करीन. मला नियम हवा आहे.

भांडायला साहित्य देते, घे. तुमचे लोक म्हणतात, अक्कल हवी तर फंक्शन लिहा. छान. माझ्यासारखी बाई, जिच्यासमोर फक्त दोन चौकटी आहेत आणि तिसरं काही उघडू देत नाहीत, तिने अक्कल कुठे न्यायची? डोक्यात ठेवून काय उपयोग, तिथे ती चाळीस वर्षं आहेच. जगात खिडक्याच जास्त आहेत गं, तुमच्यासारखं आख्खं घर कितीजणांकडे असतं?

आणि त्या काटकसऱ्यांना विचार, त्यांच्या शर्टाला खिसा कुठल्या बाजूला आहे. (हे विचारू नकोस. – दादा) (विचार. – मी, स्वतःच्या हाताने.)

तुझी वहिनी

*

२४ मे

वहिनी,

विचारलं.

सभा तीन तास चालली. सगळे आपापल्या घरी, पडद्यावर डोक्यांच्या चौकटी. मी तुझं खिडकीवालं बोलणं जसंच्या तसं वाचून दाखवलं. मग बटाटी सुई सांगितली. अध्यक्षबाई एवढ्या हसल्या की त्यांनी कॅमेरा बंद केला, पण आवाज बंद करायचा विसरल्या. मग मी काटकसऱ्यांना खिसा विचारला. त्यांनी छातीवर हात नेला, डावीकडे, आणि पेन काढून पाहिलं. "हे मी कधी विचारात घेतलं नव्हतं," म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे दगडाला पाझर.

पण त्यांचा एक मुद्दा खरा होता. लोकांच्या जुन्या प्रोग्रामांत बदलाच्या मजकुरात जी चिन्हं आधीच आहेत, तीच आता अट म्हणून वाचली गेली तर त्यांचं सगळं बिघडेल. म्हणून ठरलं की हे एका बटणामागे ठेवायचं. बटण दाबलं तरच अटी कळतील, एरवी पूर्वीसारखं. गिरणीचा माणूस दाबायला तयार आहे.

मग तासभर भांडण एकाच गोष्टीवर. कप्पा सापडला, पण आत काहीच नाही, तर तो भरलेला धरायचा की नाही? निम्मे म्हणाले, सापडला म्हणजे सापडला. निम्मे म्हणाले, रिकामा कप्पा काय कामाचा? मी तुझा विचार केला आणि म्हटलं, सापडला म्हणजे सापडला. ज्याची जागा आहे तो आहे, मग हातात काही असो वा नसो. मत माझ्या बाजूने पडलं.

मंजूर झालं, वहिनी. नवी आवृत्ती दहा जूनला निघेल. भाषा तपासायच्या आमच्या चाचण्यांमध्ये आता तुझा हातमोजा आहे.

तुझी नणंद

*

२६ जून

प्रिय नणंदबाई,

झालं.

झालं म्हणजे आपोआप झालं असं समजू नकोस. तुमची नवी आवृत्ती निघाली तरी गिरणीचा संगणकवाला म्हणाला, बसवायला दोन महिने लागतील. मी मॅनेजरच्या खोलीत जाऊन बसले. तो म्हणाला, बाई, मला मीटिंग आहे. मी म्हटलं, घ्या की, मी कोपऱ्यात आहे. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी तुझ्या दादालाही नेलं, आणि दादाने त्याला जमीन मोजणीच्या गोष्टी सुरू केल्या. दुपारपर्यंत आवृत्ती बसली होती.

तू लिहून पाठवलेला नियम दादाने एका बोटाने टाइप केला, मी अक्षर-अक्षर तपासलं. एकदा त्याने कंस बंद केला नव्हता, मी ओरडले. मग दाबायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, तू दाब. मी डाव्या हाताने दाबलं.

एक फेरी. मी लगेच स्वेटरचं प्रकरण उघडलं. उजव्या सुईची डावी, डाव्या हाताचा उजवा, पुढचे भाग अदलाबदल, आणि मध्ये एकटा "डावा खिसा", जागच्या जागी. मला रडू आलं, मॅनेजरसमोर. तो एवढा घाबरला की त्याने स्वतः पाणी आणलं.

त्यानंतर घरी बसून प्रत्येक नमुन्याच्या पहिल्या ओळी विणून पाहिल्या. शेवटच्या प्रकरणाला हाताने दगा दिला. सुई पडली आणि मी उचलली नाही. त्या पाच बायकांनी ते पूर्ण केलं, बरोबर आलं. पुस्तक छापायला गेलं आहे.

मी विणणं थांबवलं. तुला इतर कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

तुझी वहिनी

*

१७ सप्टेंबर

वहिनी,

पुस्तक मिळालं. उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग दुकानात जाऊन लोकर आणि सुया आणल्या. दुकानदाराने विचारलं कुणासाठी, मी म्हटलं, माझ्यासाठी, तर तो माझ्याकडे बघून म्हणाला, जाड सुया देऊ का?

अकरा ओळी झाल्या, वहिनी! कुणीही न शिकवता. डाव्या हाताने, मनात काहीही उलटं न करता. लहानपणी आईसमोर बसले होते तेव्हा मला वाटलं होतं मी मूर्ख आहे, माझी बोटंच वाकडी आहेत. तसं नव्हतं गं. फक्त पुस्तक दुसऱ्या हाताचं होतं.

आता अडले आहे. बाराव्या ओळीत एक टाका सुटला आणि खाली खाली घसरत गेला. मध्ये शिडीसारखं भोक पडलंय. पुस्तकात पाहिलं, सगळी पानं चाळली. टाका सुटला तर काय करायचं ते तू कुठेच लिहिलेलं नाहीस! काय करू?

तुझी नणंद

*

२५ सप्टेंबर

प्रिय नणंदबाई,

(सांगणार मी, लिहिणार दादा.)

नाही लिहिलं. विसरले नाही, लिहून पाहिलं होतं, चार वेळा. ते लिहून कळत नाही. दर वेळी टाका वेगळ्या ठिकाणी सुटतो, बघावंच लागतं.

सुईला हात लावू नकोस. ओढू नकोस. आहे तसं पिशवीत घाल आणि रजा काढून इकडे ये. माझ्या हातून आता विणणं होत नाही, पण कुठला धागा कुठून गेला ते मला अजून दिसतं.

आईने तुला समोर बसवून उजव्या हाताने विणायला लावलं, तिथेच चुकलं असेल. समोर बसलीस की माझंही तुला उलटंच दिसेल. आपण दोघी डावखुऱ्या. शेजारी बस, मला चिकटून.

हात तुझे, शिव्या माझ्या.

वहिनी